मायटोकॉन्ड्रिया आणि क्लोरोप्लास्ट : पेशीत मुक्कामाला आलेले जीवाणू आणि आपली औषधं

शाळा सुटून कितीही वर्षं झाली तरी विज्ञानाचं एक वाक्य सगळ्यांना पाठ असतं : मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीचं पॉवरहाऊस. त्यावर मीम निघून गेले, टी-शर्ट निघाले. पण त्या वाक्याच्या पुढे काय, हे विचारलं की बहुतेक जण गप्प होतात. मीही इंजिनिअरिंगवाला, बारावीनंतर बायॉलॉजीला रामराम ठोकलेला. पण हा विषय वाचायला घेतला तेव्हा लक्षात आलं की या वाक्यात एक महत्त्वाची गोष्ट राहून गेली आहे. हे पॉवरहाऊस मुळात आपलं नव्हतंच. ते बाहेरून आलेलं आहे, आणि त्याचे परिणाम आजही दवाखान्यात दिसतात.

मराठी पाठ्यपुस्तकात यांची नावं तंतुकणिका आणि हरितलवक अशी आहेत. मी लेखात मायटोकॉन्ड्रिया आणि क्लोरोप्लास्ट हेच शब्द वापरतो, कारण पुढे सर्च करायचं झालं तर तेच उपयोगी पडतील.

आधी काम समजून घेऊ

पेशीत जे काही चालतं, स्नायू आखडण्यापासून ते मेंदूतल्या सिग्नलपर्यंत, त्यातलं बहुतेक एटीपी नावाच्या रेणूवर चालतं. एटीपीला बरेच जण "पेशीची बॅटरी" म्हणतात. मला ही उपमा फारशी पटत नाही. बॅटरी साठवून ठेवते. एटीपी साठत नाही, ते तयार होतं आणि लगेच खर्च होतं. शरीरात कुठल्याही क्षणी ते अगदी थोडं असतं, पण तेच रेणू पुन्हा पुन्हा चार्ज होत राहतात. इतके की दिवसभरात तयार झालेल्या एटीपीची बेरीज साधारण आपल्या स्वतःच्या वजनाइतकी भरते. खिशातल्या सुट्या पैशांसारखं समजा. रक्कम छोटी, पण उलाढाल मोठी.

खरी बॅटरी शोधायची तर ती मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यावर आहे. या पडद्यात प्रथिनांची एक साखळी असते. अन्नातून आलेले इलेक्ट्रॉन तिच्यातून एकेक पायरी उतरत शेवटी ऑक्सिजनपर्यंत पोचतात. आपण श्वास घेतो तो मुख्यतः या शेवटच्या पायरीसाठी. इलेक्ट्रॉन उतरताना जी ऊर्जा सुटते, तिच्या जोरावर प्रोटॉन पडद्याच्या एका बाजूला ढकलले जातात. मग दोन्ही बाजूंमध्ये साधारण ०.१५ व्होल्टचा फरक तयार होतो. तुमच्या फोनच्या बॅटरीच्या ३.८ व्होल्टपुढे हा आकडा अगदीच किरकोळ वाटेल. पण पडद्याची जाडी बघा, फक्त ५ ते ६ नॅनोमीटर! मीटरच्या हिशोबात मांडलं तर हे जवळपास ३ कोटी व्होल्ट होतात. हवेत ठिणगी पडायला मीटरला ३० लाख व्होल्ट पुरतात.

एका बाजूला साठलेले प्रोटॉन परत यायला बघतात आणि त्यांना वाट एकच मुख्य असते : एटीपी सिंथेज. धरणाच्या दरवाज्यातून पाणी सुटावं आणि खाली टर्बाइन फिरावं, तसं हे प्रथिन खरोखर गोल फिरतं. हे उपमा म्हणून सांगत नाहीये. १९९७ साली जपानी शास्त्रज्ञांनी या प्रथिनाच्या दांड्याला एक चमकणारा धागा जोडला आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो फिरताना चक्क कॅमेऱ्यात पकडला. एका फेरीत तीन एटीपी तयार होतात. प्रोटॉनची ही कल्पना पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडली होती. बराच काळ कुणी मानायला तयार नव्हतं. १९७८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

क्लोरोप्लास्टमध्ये गंमत अशी की तिथेही हेच यंत्र आहे. तोच पडदा, तोच प्रोटॉनचा दाब, तेच फिरणारं एटीपी सिंथेज. फक्त इलेक्ट्रॉन अन्नातून न येता पाण्यातून येतात, आणि त्यांना ढकलायला सूर्यप्रकाश लागतो. पाणी फुटतं, ऑक्सिजन बाहेर पडतो, आणि तयार झालेल्या एटीपीच्या मदतीने रुबिस्को नावाचं विकर हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडून साखरेच्या वाटेला लावतं. रुबिस्को भलतंच संथ आहे, सेकंदाला जेमतेम तीन ते दहा रेणू. म्हणून पानात ते ढिगाने भरलेलं असतं.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण तो चांगल्या मार्कांनी पास झालेल्यांमध्येही असतो. "प्राण्यांत मायटोकॉन्ड्रिया, झाडांत क्लोरोप्लास्ट" असं नसतं. झाडांत दोन्ही असतात. जमिनीखालच्या मुळांना उजेड मिळत नाही, ती पूर्णपणे मायटोकॉन्ड्रियावर जगतात आणि त्यासाठी त्यांना ऑक्सिजन लागतो. शेतात पाणी साचून राहिलं की पीक पिवळं पडतं, त्याचं एक मोठं कारण हेच. मुळं गुदमरतात.

हे मुळात कुणाचे?

दोघांनाही दुहेरी आवरण असतं. दोघेही पेशीत कोऱ्या पाटीवरून तयार होत नाहीत, आधीचाच एक दुभागून दुसरा होतो. क्लोरोप्लास्ट दुभागताना जे प्रथिन वापरतो, ते जीवाणू दुभागताना वापरतात त्याच घराण्यातलं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे दोघांकडे स्वतःचा वेगळा डीएनए आहे.

क्लोरोप्लास्ट हे बाहेरून आलेले जीव असावेत, असं रशियन शास्त्रज्ञ मेरेश्कोव्स्की यांनी १९०५ मध्येच म्हटलं होतं. ते विस्मरणात गेलं. १९६७ मध्ये लिन मार्ग्युलिस या २९ वर्षांच्या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी (तेव्हा त्या लिन सेगन नाव लावत) सगळे पुरावे एकत्र करून लेख लिहिला. पंधराएक जर्नलनी तो परत पाठवला, तेव्हा कुठे तो छापून आला. पुढे जनुकांची तुलना करता यायला लागली आणि वाद मिटला. मायटोकॉन्ड्रियाचे नातेवाईक अल्फाप्रोटिओबॅक्टेरिया नावाच्या जीवाणूंमध्ये सापडले, क्लोरोप्लास्टचे सायनोबॅक्टेरियामध्ये. दीड ते दोन अब्ज वर्षांपूर्वी एका पेशीच्या आत एक जीवाणू गेला आणि पचला नाही, राहिला. नंतर त्याच्या वंशजांपैकी एकात सायनोबॅक्टेरियाही राहायला आला, त्यातून शेवाळं आणि झाडं झाली.

आत राहायला आल्यावर त्यांचा बहुतेक डीएनए हळूहळू यजमान पेशीच्या केंद्रकात गेला. आमच्या भाषेत सांगायचं तर छोट्या कंपनीचा सगळा डेटा मोठ्या कंपनीच्या सर्व्हरवर हलवला, पण थोडासा जुन्याच मशीनवर राहिला. माणसाच्या मायटोकॉन्ड्रियात आज फक्त १६,५६९ अक्षरांचा डीएनए आहे आणि त्यात ३७ जनुकं. केंद्रकातला डीएनए ३ अब्ज अक्षरांचा आहे, त्याच्यापुढे ही एक छोटी टेक्स्ट फाइल. मायटोकॉन्ड्रियाला लागणारी हजाराहून जास्त प्रथिनं केंद्रकातल्या जनुकांवरून बाहेर तयार होतात आणि मग आत पाठवली जातात. आतल्या ३७ पैकी १३ जनुकं प्रथिनांसाठी आहेत, ती सगळी त्या प्रोटॉनच्या यंत्राचेच भाग. उरलेली २४ आत प्रथिनं तयार करण्याच्या सामग्रीसाठी.

म्हणजे मायटोकॉन्ड्रियाकडे प्रथिनं बनवायचा स्वतःचा कारखाना, म्हणजे रायबोसोम, अजून आहे. आणि तो जीवाणूच्या वळणाचा आहे. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यावर आहे.

अँटिबायोटिक चुकीच्या घरात शिरतं तेव्हा

बरीच अँटिबायोटिक्स जीवाणूंचे रायबोसोम बंद पाडतात. आपल्या पेशीतले मुख्य रायबोसोम वेगळे असल्यामुळे आपण वाचतो. पण मायटोकॉन्ड्रियातले? आणि क्लोरोप्लास्टमधले?

याचं उत्तर १९४८ मध्येच एका बिचाऱ्या युग्लीनाने दिलं होतं. शाळेतल्या आकृतीतली ती हिरवी एकपेशीय युग्लीना. तिला स्ट्रेप्टोमायसिनमध्ये वाढवलं तर ती पांढरी पडते आणि पुढच्या पिढ्याही कायमच्या पांढऱ्याच राहतात. क्लोरोप्लास्ट जातो, युग्लीना मात्र बाहेरचं अन्न खाऊन जगते. या प्रयोगात अल्बर्ट शॅट्झ होते, ज्यांनी विद्यार्थी असताना १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन शोधलं होतं. (नोबेल १९५२ मध्ये एकट्या त्यांच्या मार्गदर्शकांना मिळालं. हा वेगळ्या लेखाचा विषय.)

स्ट्रेप्टोमायसिन हे टीबीवर चाललेलं पहिलं अँटिबायोटिक. जेंटामायसिन, अमिकासिन, कॅनामायसिन ही त्याच कुळातली इंजेक्शनं. यांचा एक दुष्परिणाम डॉक्टरांना सुरुवातीपासून माहीत होता : काही पेशंटना कायमचा बहिरेपणा येतो. जास्त डोस, जास्त दिवस दिल्यावर तो कुणालाही होऊ शकतो. पण काही घरांत एक-दोन इंजेक्शनांतच ऐकू येणं जायचं, आणि हे आईकडूनच मुलांकडे जाताना दिसायचं. मायटोकॉन्ड्रिया आपल्याला फक्त आईच्या बीजांडातून मिळतात, त्यामुळे संशय तिकडेच गेला. १९९३ मध्ये नेमकं ठिकाण सापडलं. मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएमधलं १५५५ नंबरचं अक्षर. तिथे ए ऐवजी जी असेल तर रायबोसोमचा तो भाग जीवाणूच्या रायबोसोमसारखा आणखी जास्त दिसायला लागतो, आणि औषध तिथे घट्ट चिकटतं. कानाच्या आतल्या केसपेशी मरतात. त्या पुन्हा येत नाहीत.

१६,५६९ अक्षरांपैकी एक. ब्रिटनमध्ये साधारण ५०० माणसांत एकाकडे हा बदल असतो आणि बहुतेकांना आयुष्यभर कळतही नाही, कारण इंजेक्शन मिळेपर्यंत काहीच त्रास नसतो. अडचण नवजात बाळांची. जंतुसंसर्गाचा संशय आला तर जेंटामायसिन तासाभरात द्यावं लागतं, आणि नेहमीच्या जनुकीय तपासणीला दिवस लागतात. मँचेस्टरच्या डॉक्टरांनी यासाठी गालाच्या आतून कापसाने नमुना घेऊन २६ मिनिटांत उत्तर देणारं छोटं मशीन वापरून दाखवलं. तो अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. माझ्या मते गेल्या काही वर्षांतला मेडिकल टेकचा हा सगळ्यात सुंदर उपयोग आहे, आणि त्याची फारशी चर्चा झाली नाही.

टीबीच्या नव्या गोळ्या

औषधांना दाद न देणारा टीबी हा मुंबईचा जुना प्रश्न आहे. त्यावर पूर्वी कॅनामायसिनसारखी इंजेक्शनं महिनोन्‌महिने घ्यावी लागत आणि कितीतरी पेशंट बरे झाले ते कान गमावून. आता त्यांची जागा बऱ्याच अंशी गोळ्यांनी घेतली आहे. त्यातली मुख्य गोळी म्हणजे बेडाक्विलिन. अमेरिकेत तिला डिसेंबर २०१२ मध्ये परवानगी मिळाली, भारतात ती २०१६ पासून सरकारी कार्यक्रमात आली.

ती काम कशावर करते माहितीये? एटीपी सिंथेजवर! टीबीच्या जीवाणूचं तेच फिरणारं टर्बाइन ती अडवते. आता तुम्ही विचाराल, मग आपलं टर्बाइन का बंद पडत नाही? दोघांचं यंत्र एकाच मूळ डिझाइनचं असलं तरी अब्जावधी वर्षांत बारीकसारीक फरक पडले आहेत. गोळी जीवाणूच्या यंत्राच्या फिरत्या कड्यातल्या खाचेत नेमकी बसते, आपल्या यंत्राला ती कितीतरी पटींनी कमी चिकटते. सगळा उपचार या फरकावर उभा आहे.

तिच्याबरोबर दिलं जाणारं लिनेझोलिड मात्र पुन्हा रायबोसोमवालं. बरेच दिवस घेतल्यावर ते मायटोकॉन्ड्रियालाही त्रास देतं आणि पायांना मुंग्या येणं, बधिरपणा, नजर अंधुक होणं असं सुरू होऊ शकतं. घरात कुणी हे औषध घेत असेल आणि अशी तक्रार करत असेल तर "अशक्तपणा असेल" म्हणून सोडून देऊ नका, लगेच डॉक्टरांना सांगा. डोस बदलता येतो. पण स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करू नका, अर्धवट सोडलेला टीबी जास्त वाईट.

उसाच्या फडात

क्लोरोप्लास्टचा असाच उपयोग आपल्याकडे शेतकरी करतात. ऊस आणि मक्यात मारलं जाणारं अ‍ॅट्राझिन हे तणनाशक क्लोरोप्लास्टमधल्या एका प्रथिनात अडकून बसतं आणि इलेक्ट्रॉनची वाट बंद करतं. ऊस आणि मका ते विष स्वतःच निकामी करू शकतात, तण करू शकत नाही. या प्रथिनाचं जनुक क्लोरोप्लास्टच्याच डीएनएमध्ये आहे. काही तणांमध्ये तिथे एक बदल झाला आणि त्यांच्यावर औषध चालेनासं झालं. तो बदल बहुतेक वेळा परागातून पसरत नाही, बीज देणाऱ्या झाडाकडून पुढे जातो. आईकडून, अगदी बहिरेपणाच्या त्या घरांसारखाच.

आपल्यासाठी यात काय?

मायटोकॉन्ड्रियाच्या नावाने ऑनलाइन पावडरी आणि कॅप्सूल खूप विकल्या जातात. "मायटोकॉन्ड्रिया बूस्ट करा" वगैरे. निरोगी माणसाला त्यांची गरज असल्याचा भक्कम पुरावा मला कुठे दिसला नाही. उलट ज्यावर पुरावा आहे ते फुकट आहे : नियमित धावणं किंवा सायकलिंग केलं की स्नायूंतले मायटोकॉन्ड्रिया वाढतात.

"तीन पालकांचं बाळ" ही हेडलाइनही अधूनमधून व्हायरल होते. आईच्या मायटोकॉन्ड्रियात गंभीर आजार असेल तर दुसऱ्या बाईच्या निरोगी बीजांडातले मायटोकॉन्ड्रिया वापरायचे, एवढंच त्यात आहे. ब्रिटनने २०१५ मध्ये त्याला कायद्याने परवानगी दिली आणि न्यूकॅसलच्या टीमने जुलै २०२५ मध्ये अशी आठ मुलं जन्मल्याचं जाहीर केलं. त्या तिसऱ्या व्यक्तीकडून येतात ती फक्त ३७ जनुकं. चेहरा, रंग, उंची यांची जनुकं केंद्रकात असतात, म्हणजे आईवडिलांचीच.

आणि एक काम आजच करता येईल. आईला, आजीला, मावशीला किंवा मामाला विचारा, आपल्या घरात कुणाला इंजेक्शनं घेतल्यावर कमी ऐकू यायला लागलं होतं का. उत्तर हो आलं तर फोनमधल्या मेडिकल माहितीच्या रकान्यात नोंद करून ठेवा आणि पुढे कधी अ‍ॅडमिट व्हायची वेळ आली तर डॉक्टरांना ते आधी सांगा. वडिलांकडच्या नातेवाइकांचं या बाबतीत विचारायची गरज नाही. हा डीएनए तिकडून येतच नाही.