मुंबईतील संघटित गुन्हेगारी : दारूबंदी ते वाळूतस्करी
(एक ऐतिहासिक आढावा)

प्रस्तावना :

संघटित गुन्हेगारीचा इतिहास बहुधा टोळीप्रमुखांच्या चरित्रांतून सांगितला जातो. त्यामुळे टोळ्या ज्या आर्थिक परिस्थितीतून निर्माण होतात ती परिस्थिती दुर्लक्षित राहते. अमेरिकेत जानेवारी १९२० मध्ये देशव्यापी दारूबंदी अमलात आली व डिसेंबर १९३३ मध्ये ती उठविण्यात आली. मद्याची मागणी कायम होती, कायदेशीर पुरवठा मात्र थांबला होता. ही पोकळी शिकागो, न्यूयॉर्क आदी शहरांतील टोळ्यांनी भरून काढली व त्यांना व्यापारी संघटनेचे स्वरूप प्राप्त झाले. अल कपोन यास १९३१ मध्ये शिक्षा झाली ती आयकर चुकविल्याबद्दल, ही बाब या दृष्टीने सूचक आहे. हेच सूत्र मुंबईच्या इतिहासास कितपत लागू पडते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बंदी, हातभट्टी आणि तस्करी :

मुंबई दारूबंदी अधिनियम १९४९ मध्ये संमत झाला. १९५१ मध्ये बलसारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यातील काही तरतुदी अवैध ठरविल्या. तथापि मूळ कायदा टिकून राहिला. परिणामी धारावी, अँटॉप हिल, माटुंगा या परिसरात हातभट्टीचा धंदा फोफावला. रेल्वे स्थानकावर हमाली करणारा वरदराजन मुदलियार याच धंद्यातून पुढे आला. कालांतराने दारूविषयक निर्बंध शिथिल झाले; परंतु तोवर गुप्त पुरवठ्याची साखळी व हप्त्याची पद्धत रुजली होती.

सोन्याच्या बाबतीतही असेच घडले. १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण अधिनियमाने सोन्याच्या व्यवहारावर कडक बंधने आणली. भारतीय कुटुंबात सोने म्हणजे स्त्रीधन व अडीअडचणीची पुंजी. त्याची मागणी कायद्याने कमी होणारी नव्हती. देशातील व परदेशातील भावांची तफावत हाच तस्करांचा नफा ठरला. गोदीत हमाली केलेला हाजी मस्तान या काळात प्रबळ झाला. हा कायदा १९९० मध्ये रद्द झाला आणि १९९२ पासून अनिवासी भारतीयांना पाच किलोपर्यंत सोने आणण्याची मुभा मिळाली. त्यामुळे सोन्याच्या तस्करीतील नफा घटला. येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे : निर्बंध उठल्याने विशिष्ट धंदा आटोपतो, पण त्यातून उभी राहिलेली संघटना आटोपत नाही. ती खंडणी, अमली पदार्थ व जमीन या क्षेत्रांकडे वळते.

गिरणगावची जमीन :

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात सहभागी होते. हा संप औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींच्या विकासाचा मार्ग खुला केला आणि कापडापेक्षा जमीन मोलाची ठरली. १९९४ मध्ये गिरणीमालक सुनीत खटाव यांची व जानेवारी १९९७ मध्ये डॉ. सामंत यांची हत्या झाली. भायखळ्याच्या दगडी चाळीतील अरुण गवळी याने १९९७ मध्ये अखिल भारतीय सेना हा पक्ष काढला. २००४ मध्ये तो विधानसभेवर निवडून आला व २०१२ मध्ये एका नगरसेवकाच्या हत्येप्रकरणी त्यास जन्मठेप झाली.

यावरून बेरोजगार कामगार गुन्हेगारीकडे वळला असा सरसकट निष्कर्ष काढणे मात्र अन्यायाचे ठरेल. बहुसंख्य कामगारांनी गावाची वाट धरली किंवा मिळेल ती मजुरी, फेरीचा व्यवसाय करून संसार सावरला. त्यांची नोंद इतिहासात अल्प आहे. टोळीप्रमुखांची मात्र विपुल आहे.

चित्रपटाचे दुहेरी नाते :

ही विषमता चित्रपटांनी वाढविली. 'द गॉडफादर' १९७२ मध्ये आला व त्याच्या प्रभावातून 'धर्मात्मा' (१९७५) निर्माण झाला. 'दीवार' (१९७५), 'नायकन' (१९८७) व 'सत्या' (१९९८) यांनी गुन्हेगार नायकाची परंपरा दृढ केली. याउलट जयंत पवार यांच्या 'अधांतर' या नाटकाने व त्यावर आधारित 'लालबाग परळ' (२०१०) या चित्रपटाने गिरणी कामगाराचे कुटुंब केंद्रस्थानी ठेवले. चित्रपटसृष्टीला दीर्घकाळ बँकांचे कर्ज दुर्लभ होते. त्यामुळे खासगी व संशयास्पद भांडवलास तेथे वाव मिळाला. ऑगस्ट १९९७ मध्ये गुलशन कुमार यांची हत्या झाली. १९९८ मध्ये चित्रपटसृष्टीला उद्योगाचा दर्जा देण्याची घोषणा झाली. अधिकृत पुरवठ्याच्या अभावी समांतर व्यवस्था उभी राहते, हे सूत्र येथेही प्रत्ययास येते.

कायदा आणि त्याची किंमत :

१२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत २५७ व्यक्तींचा बळी गेला. त्याच वर्षी व्होरा समितीने गुन्हेगार, राजकारणी व नोकरशहा यांच्या संगनमताकडे लक्ष वेधले. अमेरिकेने टोळ्यांविरुद्ध १९७० मध्ये विशेष कायदा केला होता. महाराष्ट्राने १९९९ मध्ये संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, म्हणजेच 'मकोका', केला. वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यासमोरील कबुलीजबाब पुरावा म्हणून ग्राह्य धरण्याची त्यातील तरतूद सर्वसाधारण पुरावा कायद्याला अपवाद आहे. सुरक्षिततेसाठी नागरी स्वातंत्र्याचा किती संकोच करावा, हा प्रश्न त्यामुळे कायम राहतो.

निष्कर्ष :

महाराष्ट्रातील १९८१ च्या विघातक कृत्य प्रतिबंधक अधिनियमाचे शीर्षकच या इतिहासाचा संक्षेप आहे. प्रारंभी त्यात झोपडपट्टीगुंड, हातभट्टीवाले व औषधीद्रव्यविषयक गुन्हेगार होते. पुढे धोकादायक व्यक्ती, ध्वनिचित्रफितींची चाचेगिरी करणारे आणि वाळूतस्कर यांचा समावेश झाला. वैनगंगेच्या पात्रातील वाळूचा अवैध उपसा भंडारा जिल्ह्यास अपरिचित नाही. बांधकामाची मागणी मोठी, अधिकृत पुरवठा मर्यादित आणि देखरेख दुबळी असली की महानगर व खेडे यांतील अंतर उरत नाही. म्हणून संघटित गुन्हेगारीचा अभ्यास टोळीप्रमुखाच्या चरित्रापाशी न थांबता, त्यास वाव देणाऱ्या बाजारपेठेपर्यंत व शासनव्यवहारापर्यंत जाणे आवश्यक आहे.