क्षुल्लक : शब्दाचा अर्थ आणि वापर

क्षुल्लक (विशेषण) : महत्त्व नसलेला, दखल घेण्याजोगा नसलेला. लिंग-वचनाप्रमाणे रूप बदलत नाही : क्षुल्लक वाद, क्षुल्लक चूक, क्षुल्लक कारणे. 'शुल्लक' हे लेखन चुकीचे आहे.

व्युत्पत्ती : मूळ संस्कृत 'क्षुद्र', म्हणजे लहान. पालीत त्याची 'खुद्द' आणि 'चुल्ल' अशी रूपे होतात. 'क्षुल्लक' त्याच कुळातला, प्राकृत वळणाचा शब्द. दिगंबर जैन परंपरेत मुनिपदाच्या अलीकडच्या साधकाला 'क्षुल्लक' म्हणतात. तिथे तो आदराचा शब्द आहे.

पाली साहित्यात हा शब्द आकार सांगतो, किंमत नव्हे. ४२३ गाथांचे धम्मपद 'खुद्दक' निकायातच आहे. महापरिनिर्वाणापूर्वी तथागतांनी 'खुद्दानुखुद्दक', म्हणजे बारीकसारीक नियम, संघाला वाटल्यास रद्द करण्याची मुभा दिली. राजगृहाच्या पहिल्या संगीतीत असे नियम नेमके कोणते, यावर भिक्खूंचे एकमत झाले नाही. अखेर महाकस्सपांच्या प्रस्तावावरून सर्व नियम कायम राहिले.

जवळचे शब्द : 'किरकोळ' प्रमाण सांगतो (किरकोळ जखम, किरकोळ विक्री). 'नगण्य' म्हणजे मोजण्यात न धरण्याइतके. 'क्षुद्र' मनाचा हलकेपणा दाखवतो. 'यःकश्चित' बहुधा माणसाला लावतात. 'क्षुल्लक' मात्र बोलणाऱ्याचा निवाडा असतो.

वापरातील धोका : 'क्षुल्लक कारणावरून मारहाण' हा बातम्यांतला ठरलेला मथळा. पवनी परिसरात काम करताना आम्ही तो वाचतो, तेव्हा एकच प्रश्न पडतो : क्षुल्लक कोणासाठी? पाणी भरणे, वरातीत घोड्यावर बसणे, मोबाईलवर भीमगीत वाजवणे ही कारणे मारणाऱ्याला क्षुल्लक वाटलेली नसतात आणि मार खाणाऱ्यालाही नाही. या शब्दाने जातीचा उल्लेख झाकला जातो. आपल्याच जिल्ह्यातील खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी एका कुटुंबातील चौघांची हत्या झाली. २००८ च्या निकालात अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखालील गुन्हा सिद्ध मानला गेला नाही. कारणाला कोणते नाव द्यायचे, हा म्हणूनच केवळ भाषेचा प्रश्न नाही. वार्ताहरांनी आणि आपणही विशेषण टाळून कारणच लिहावे, तक्रार अर्जात तर नक्कीच.

पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात स्तूपाचे अवशेष मिळाले. तिथल्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. एका दगडाचे दानही त्या काळी क्षुल्लक मानले गेले नाही.