ऊब राखण्याची जुनी विद्या

विदर्भ म्हटला कीं मनांत उन्हाळा उभा राहतो. या प्रांतालाहि हिंवाळा आहे, ही गोष्ट बहुतेकांच्या गांवींच नसते. परंतु ज्यानें पौषांतील एक पहाट गोंदिया जिल्ह्यांतील कोहमाऱ्यास काढिली आहे, त्याला ती विसरतां येत नाहीं. नागपूर-रायपूर हमरस्ता व गोंदियाचा रस्ता जेथें मिळतात तेथें हें गांव आहे. समुद्र फार दूर, हवा कोरडी, आकाश निरभ्र. त्यामुळें दिवसा तापलेली भुई रात्रीं आपली उष्णता आकाशाकडे मोकळेपणानें टाकून देते. अशा वेळीं पारा १० अंशांखालीं उतरणें येथें नवलाचें नाहीं. या थंडीशीं येथील घरानें कसा सामना केला, आणि ती विद्या कशी मागें पडली, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

या भागांतील जुनें घर मातीचें. भिंती जाड, वर कवेलू, आणि त्यांखालीं लाकडी पाटणाचा माळा. जाड भिंत दिवसाचें ऊन पोटांत घेई व रात्रीं हळूहळू परत करी. कवेलूंच्या फटींतून ऊब निसटे हें खरें. पण माळ्यावर धान्य व तणस रचलेलें असे, तेंच घराचें पांघरूण होई. भुईवरहि तणसाचा थर, त्यावर चटई व वाकळ, असें अंथरूण घातलें कीं गारठा अंगास लागत नसे. यांतील मर्म बेंजामिन टॉम्सन ऊर्फ काउंट रम्फर्ड यानें १७९२ सालीं प्रयोगांनीं दाखविलें: ऊब राखते ती मुख्यतः तंतूंमध्यें अडकून स्थिर राहिलेली हवा. काँक्रीटमधून उष्णता अशा हवेच्या सुमारें ५० पट सुलभतेनें वाहते. आमच्या आजीबाईंनीं रम्फर्ड वाचला नव्हता. पण जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक शिवतांना त्या हवाच शिवीत होत्या.

तथापि जुन्या घराचे गोडवे गातांना एक गोष्ट झांकणें अप्रामाणिकपणाचें होईल. जाड भिंती व भरलेला माळा हें मालगुजाराचें वैभव. मजुराच्या झोपडींत कुडाच्या भेगांतून वारा येई, आणि त्याची रात्र शेकोटीपाशीं सरे. शेकोटी एक अंग भाजते, दुसरें गारठूं देते, आणि धूर मात्र सर्वांगीं देते.

पुढें घराचें साहित्यच दुर्मिळ झालें. १८७८ व १९२७ च्या कायद्यांनीं राखीव रानाची व्यवस्था दृढ केली. तरी मालगुजारी रानांतून बांबू, बल्ल्या व सरपण घेण्याचा ‘निस्तार’ चाले. ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी नष्ट झाली व तीं रानें सरकारकडे गेलीं. १९७० सालीं नागझिरा अभयारण्य झालें, १९७५ सालीं नवेगांव राष्ट्रीय उद्यान. रानाचें रक्षण हवेंच होतें. परंतु बल्ली-बांबू सहज मिळेनासा झाला, तेव्हां मातीचें घर राखणेंहि कठीण झालें.

१९८५ च्या सुमारास इंदिरा आवास योजना आली, २०१६ सालीं प्रधानमंत्री आवास योजना. गळणाऱ्या छपराखालीं पिढ्या काढलेल्या कुटुंबास पक्कें घर मिळालें, ही लहान गोष्ट नव्हे. मात्र सिमेंटची पातळ सपाट गच्ची निरभ्र रात्रीं लवकर निवते. पत्रा तर त्याहून लवकर. माळा गेला, तणस गोठ्यापुरतें उरलें, आणि गारठलेलीं माणसें निखाऱ्यांची शेगडी दार लावून खोलींत घेऊं लागलीं. येथें धोका केवळ थंडीचा राहत नाहीं. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. निजलेल्यास तो जागेंहि होऊं देत नाहीं.

उपाय फार खर्चाचे नाहींत. गच्चीखालीं थोडी पोकळी सोडून तक्तपोशी, दाराच्या फटीस चिंध्यांची गुंडाळी, खिडकीस जाड पडदा, भुईवर जाड अंथरूण. आणि निखारे मात्र घराबाहेर. यांत नवें कांहीं नाहीं. माळा व वाकळ हेंच सांगत होते. विस्तव पेटविणें सोपें. मिळालेली ऊब जाऊं न देणें ही खरी विद्या. घर पक्कें कीं कच्चें हें आपण विटांवरून ठरवितों. त्यांत पहाटे चार वाजतां लहान मूल स्वस्थ निजतें कीं नाहीं, हेंहि पाहिलें पाहिजे, असें आम्हांस वाटतें.