शिकमी, असामी, राजीनामा

भोकरदनचे प्राचीन नाव भोगवर्धन. सांची आणि भारहूत येथील स्तूपांवर दात्यांची जी नावे कोरलेली आहेत, त्यांत भोगवर्धनच्या रहिवाशांचीही नावे आढळतात. दान देणाऱ्याचे नाव दोन हजार वर्षे दगडावर टिकले. पुढच्या काळात त्याच केळना नदीच्या परिसरात जे दुसऱ्याच्या नावावरची जमीन कसत राहिले, त्यांची नावे कायद्याच्या आधाराने दप्तरात यायला मात्र विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला. कुळांच्या हक्काचा हा इतिहास सामान्यतः अर्थशास्त्राच्या वा कायद्याच्या अभ्यासकांवर सोपवला जातो. परंतु आम्हांला तो शब्दांचाही इतिहास वाटतो, आणि म्हणून भाषेच्या अभ्यासकांनी त्याकडे पाहावे असे वाटते.

भोकरदन आज जालना जिल्ह्यात आहे. १९८१ साली जालना जिल्हा होईपर्यंत हा तालुका औरंगाबाद जिल्ह्यात होता आणि १९५६पर्यंत तो सारा प्रदेश हैदराबाद राज्यात मोडत होता. निजामाच्या महसुली व्यवस्थेत ज्याच्या नावे जमिनीची नोंद असे आणि जो सरकारला सारा देण्यास बांधलेला असे, तो पट्टेदार. त्याच्या जमिनीवर प्रत्यक्ष नांगर धरणारा तो शिकमीदार किंवा असामी शिकमी. फारसीत ‘शिकम’ म्हणजे पोट. शिकमी म्हणजे दुसऱ्याच्या धारणेच्या पोटात असलेला. मराठीत आपण पोटकूळ किंवा पोटहिस्सा म्हणतो ते याच रीतीने. ‘असामी’ हे मुळात अरबी ‘इस्म’ म्हणजे नाव या शब्दाचे बहुवचनी रूप. तेव्हा असामी शिकमी या संज्ञेचा शब्दशः अर्थ दुसऱ्याच्या पोटात असलेली नावे असा करता येईल. व्युत्पत्तीवरून समाजस्थिती सिद्ध होत नाही, हे खरे. पण या संज्ञेत ती नेमकी उतरली आहे, एवढे मान्य करावे लागते.

सप्टेंबर १९४८मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १९४९ साली जहागिरी रद्द झाल्या आणि जून १९५०मध्ये हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा अमलात आला. निजामी राजवटीच्या अखेरीस झालेला असामी शिकमी कायदा त्याने रद्द केला आणि ‘संरक्षित कूळ’ ही नवी संज्ञा आणली. तिच्यामागचे तत्त्व साधे होते. दुसऱ्याची जमीन जो कायदेशीरपणे कसतो आणि जो मालकाच्या कुटुंबातला, मजुरीवरचा नोकर किंवा ताबा-गहाणदार नाही, तो कूळ मानावा. अशा कुळाने ठरावीक काळात सलग सहा वर्षे जमीन स्वतः कसली असेल, तर त्याला संरक्षण मिळावे. पहिला काळ १३४२ ते १३५२ फसली, म्हणजे साधारण १९३२ ते १९४३ हा. दुसरा १ जानेवारी १९४८च्या लगतपूर्वीच्या सहा वर्षांचा. तिसरा १३५३ फसलीपासून पुढे कायदा अमलात येईपर्यंतचा. अशा कुळाला मालकाने मनास येईल तेव्हा काढता येत नव्हते. खंड थकला, जमिनीचे नुकसान केले किंवा मालकाला ती स्वतः कसायची असली, तरी ताबा तहसीलदाराच्या हुकुमानेच घ्यावा लागे.

येथे कायद्याने एक मोठे पाऊल टाकले होते. कागदावरच्या नावापेक्षा जमिनीवरची वहिवाट त्याने मोठी मानली. पण ती वहिवाट सिद्ध करायची कशी? सहा वर्षे मोजायची ती फसली सनात, दप्तर उर्दूत, आणि खंडाचा व्यवहार पुष्कळदा तोंडी. ज्याच्याकडे पावती नाही त्याने साक्ष आणायची ती गावातून, आणि गावात त्याच पट्टेदाराचा शब्द चालणार. म्हणजे वहिवाटीला मान देणारा कायदा पुन्हा कागदापाशीच येऊन थांबत होता.

याचा परिणाम काय झाला, हे उस्मानिया विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ अ. मो. खुसरो यांच्या १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीतून दिसते. हैदराबाद राज्यात १९५१ साली संरक्षित ठरलेल्या दर शंभर कुळांपैकी सुमारे चार वर्षांनी ४५.४ त्याच नात्याने जमिनीवर होती आणि १२.४ कुळांनी जमीन विकत घेऊन मालकी मिळवली होती. कायद्याच्या मार्गाने बेदखल झाली ती केवळ २.६. बेकायदा हुसकावली गेलेली २२.१, आणि जमीन ‘स्वखुशीने’ सोडलेली १७.५.

कायद्याने काढलेली तीनदेखील नाहीत. कायद्याबाहेर गेलेली चाळिसाच्या घरात. आणि इथे तिसरा शब्द येतो, राजीनामा. राजी असल्याचा लेख, असा त्याचा अर्थ. कुळाने जमीन सोडल्याचे लिहून दिले, की हुसकावण्याचा प्रश्नच उरत नसे. यांतले बरेच राजीनामे नावापुरते राजीखुशीचे होते, हे खुसरो यांनीही नोंदले आहे. म्हणूनच राजीनामा लेखी असावा, कुळाने तो तहसीलदारासमोर कबूल करावा आणि तो सद्भावनेने दिल्याची तहसीलदाराची खात्री व्हावी, अशी अट कायद्यात आली. अर्थात, ज्याच्या आडातले पाणी प्यायचे आणि ज्याच्याकडून पेरणीला बी आणायचे, त्याच्यासमोर उभे राहून ‘मी राजी नाही’ म्हणणे किती जणांना शक्य होते?

तरीही हा कायदा फसला, असा निर्वाळा देणे आम्हांला रास्त वाटत नाही. शंभरातली सत्तावन्न कुळे जमिनीवर टिकली, हा आकडा लहान नव्हे. द्विभाषिक मुंबई राज्यात आल्यावर १९५७ साली मराठवाड्यात पुढची तरतूद लागू झाली आणि ठरावीक मर्यादेपर्यंत संरक्षित कुळांकडे मालकीच हस्तांतरित झाली. ज्यांचे नाव तोवर नोंदवहीत टिकले होते, त्यांच्या नातवंडांच्या सातबाऱ्यावर आज ते मालक म्हणून दिसते. ज्यांनी त्याआधी अंगठा उमटवला, त्यांचे वारस मात्र त्या नोंदीबाहेर राहिले.

मराठीत ‘कूळ’ म्हणजे वंश, आणि ‘कूळ’ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा. कायद्याने संरक्षित कुळाचा हक्क वारसांना दिला. पण विधवेची पाळी मुले-नातवंडे नसतील तरच, आणि तीही तिने पुनर्विवाह केला नाही तोवर. पट्टेदाराच्या पोटातून कुळाचे नाव बाहेर आले, तेव्हा त्याच्याबरोबर तितकीच वर्षे खुरपणाऱ्या बाईचे नाव नवऱ्याच्या पोटातच राहिले. भोगवर्धनच्या दात्यांची नावे आपण वाचू शकतो, कारण ती कोरली गेली. तहसिलीच्या दप्तरातल्या नोंदी, आणि विशेषतः ते राजीनामे, कोणीतरी त्याच काळजीने वाचायला हवेत.