डीमन्स ऑफ द पंजाब

‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेचा 11 नोव्हेंबर 2018 रोजी बीबीसी वनवर प्रसारित झालेला भाग. 1963 ते 1989 या काळात चाललेली ही मालिका 2005 मध्ये नव्याने सुरू झाली. तिच्या अकराव्या पर्वातला हा सहावा भाग. लेखक विनय पटेल, दिग्दर्शक जेमी चाइल्ड्स, संगीत सेगुन अकिनोला. कथा ऑगस्ट 1947 मधल्या पंजाबात घडते. चित्रीकरण मात्र स्पेनमधल्या ग्रॅनडा प्रांतात झाले. काळात मागेपुढे फिरणारी डॉक्टर (जोडी व्हिटेकर) ही या मालिकेची सर्वशक्तिमान म्हणावी अशी नायिका, पण या भागात तिच्या हातून जवळजवळ काहीच होत नाही. काही समीक्षकांना हे कथेतले वैगुण्य वाटले. प्रस्तुत नोंदीचे मत उलट आहे: फाळणीसारखा विषय काळप्रवासाच्या कथेत आणायचा, तर नायिकेला असे हतबल करण्यावाचून प्रामाणिक मार्ग नव्हता.

शेफील्डमध्ये राहणाऱ्या, डॉक्टरची सहप्रवासी असलेल्या यास्मिन खानला (मनदीप गिल) तिची नानी उम्ब्रीन वाढदिवसाच्या दिवशी एक फुटके, बंद पडलेले घड्याळ देते आणि ते कधीही दुरुस्त करू नकोस असे बजावते. त्यामागची गोष्ट सांगायला मात्र ती तयार नसते. यास्मिन डॉक्टरला गळ घालते आणि सगळे पोचतात थेट 1947 च्या पंजाबात. तिथे तरुण उम्ब्रीन (अमिता सुमन) प्रेम (शेन झाझा) या हिंदू शेतकऱ्याशी लग्न करायला निघालेली असते. हा प्रेम यास्मिनचा आजोबा नव्हे, त्याचे नावही तिने कधी ऐकलेले नसते. लग्न लावायला येणाऱ्या साधूचा खून होतो. त्याच्या प्रेताशेजारी दोन विचित्र परग्रहवासी दिसतात आणि संशय साहजिकच त्यांच्यावर जातो. खरा खुनी असतो प्रेमचा धाकटा भाऊ मनीष (हमझा जितूआ). शेवटी नव्या सीमेवरच डॉक्टर त्या दोघांचे लग्न लावते. मनीषने बोलावलेली सशस्त्र टोळी येऊन ठेपते, उम्ब्रीन आईसह लाहोरच्या वाटेला लागते आणि प्रेम मारला जातो.

इतिहास बदलता येतो का, या प्रश्नाला मालिकेने वेळोवेळी वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. 1964 च्या ‘द अ‍ॅझटेक्स’मध्ये नरबळी थांबवू पाहणारी सहप्रवासी बार्बरा हरते. 2005 च्या ‘फादर्स डे’मध्ये सहप्रवासी रोझ आपल्या वडिलांचा अपघाती मृत्यू टाळते आणि जगच कोसळू लागते. 2008 च्या ‘द फायर्स ऑफ पॉम्पेई’मध्ये शहर वाचवता येत नाही, तरी तेव्हाचा डॉक्टर एका कुटुंबाला बाहेर काढतो. ‘डीमन्स ऑफ द पंजाब’च्या तीन आठवडे आधी आलेल्या ‘रोझा’मध्येही इतिहास बिघडवू पाहणारा एक खलपुरुष होता, त्यामुळे नायकमंडळींना काहीतरी करण्याची सोय होती. इथे ती सोय नाही. काळाशी कोणी छेडछाड करत नाही, उधळून लावावे असे कारस्थानही नाही. प्रेम जगला तर उम्ब्रीनचे पुढचे आयुष्य वेगळे होईल आणि यास्मिन जन्मालाच येणार नाही. म्हणून डॉक्टरला मागे सरायचे असते. पॉम्पेईसारखे एखादे कुटुंब वाचवून प्रेक्षकांना दिलासा देणे पटेलांना कठीण नव्हते. पण फाळणीतल्या मृतांचे अंदाज दोन लाखांपासून वीस लाखांपर्यंत जातात आणि घर सोडावे लागलेल्यांची संख्या सव्वा ते दीड कोटी धरली जाते. तिथे परक्या पाहुणीने एकाला वाचवल्याचे समाधान खोटे ठरले असते.

डॉक्टरने सोडलेली जागा परग्रहवासी भरून काढतात. थिजेरियन ही एके काळी मारेकऱ्यांची जमात. त्यांचा स्वतःचा ग्रह नष्ट झाला तेव्हा ते दूर होते, आपल्या मृतांजवळ कोणी नव्हते. तेव्हापासून विश्वात जिथे कोणी एकाकी, बेदखल मरतो तिथे जाऊन त्याच्या मृत्यूचे साक्षी व्हायचे, असे व्रत त्यांनी घेतले आहे. दुसऱ्या महायुद्धात प्रेमचा थोरला भाऊ कुणाल पडला, तेव्हा त्याच्या देहाजवळही प्रेमला हेच ‘राक्षस’ दिसले होते. हे परग्रहवासी काढून टाकले तरी कथा तशीच घडते, मग ते हवेत कशाला, असा आक्षेप घेतला गेला. घटनाक्रमापुरता तो बरोबर आहे. पण कथेतून काय उरते हे त्यांच्यामुळेच ठरते. प्रेम मरतो तेव्हा पाहणारे ओळखीचे कोणी तिथे थांबू शकत नाही. थांबतात ते दोघे थिजेरियनच. उर्वशी बुटालिया यांनी ‘द अदर साइड ऑफ सायलेन्स’ (1998) या पुस्तकासाठी फाळणीतून वाचलेल्यांच्या मुलाखती घेतल्या, त्याही अशाच नोंद न झालेल्या मरणांची आणि घराघरांत गिळून टाकलेल्या दुःखांची दखल घेण्यासाठी. इतिहासकाराचे हे काम पटेलांनी परग्रहवासीयांवर सोपवले. प्रसारणाचा दिवसही बोलका होता. पहिल्या महायुद्धाच्या युद्धविरामाला त्या दिवशी शंभर वर्षे पुरी होत होती आणि सारे ब्रिटन आपल्या सैनिकांचे स्मरण करत होते. त्याच संध्याकाळी साम्राज्यासाठी लढून परतलेला आणि स्वतःच्या शेतात मारला गेलेला एक पंजाबी जवान ब्रिटिश घराघरांत दिसला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मारणारे सगळे हिंदुस्थानी दाखवले आणि रेघ ओढणारे पडद्यावर आलेच नाहीत, म्हणजे ब्रिटिशांना मोकळे सोडले. सिरिल रॅडक्लिफ 8 जुलै 1947 रोजी भारतात आला. त्यापूर्वी त्याने हा देश पाहिलेलाही नव्हता. पाचेक आठवड्यांत त्याने पंजाब आणि बंगालच्या सीमा आखल्या. त्या जाहीर झाल्या 17 ऑगस्टला, दोन्ही देश स्वतंत्र झाल्यानंतर. आपले गाव कोणत्या देशात हे मधले दोन-तीन दिवस लाखो लोकांना ठाऊक नव्हते. यातले फारच थोडे कथेत येते. मात्र कथा शेतकऱ्याच्या अंगणातून पाहिलेली आहे आणि त्या अंगणात रॅडक्लिफ कधीच आला नाही. आली ती बातमी आणि तिच्यामागून टोळ्या. खुनी हिंदू दाखवला म्हणून नाराज होणाऱ्यांनी प्रेमही हिंदूच आहे हे विसरू नये. एकाच घरातले दोन भाऊ विरुद्ध टोकांना जातात, ही पटेलांची मांडणी धर्माला दोषी ठरवत नाही. तिची खरी मर्यादा वेगळी आहे. द्वेष घरगुती झाल्यामुळे हिंसेमागची संघटना धूसर होते. त्याहून मोठी उणीव म्हणजे मुख्य पात्रांत एकही शीख नाही. मार्च 1947 मध्ये रावळपिंडी भागात शिखांवर झालेले हल्ले आणि ऑगस्टमध्ये पूर्व पंजाबात मुसलमानांवर चालून गेलेले शीख जत्थे वगळून पंजाबची फाळणी समजत नाही. पन्नास मिनिटांत सगळे मावत नाही, हे यावरचे उत्तर होऊ शकत नाही. या आक्षेपाला उत्तर नाही.

शेवटी नानी (लीना धिंग्रा) यास्मिनला घड्याळाची गोष्ट सांगू पाहते, आणि आता सगळे जाणणारी नात म्हणते, पुन्हा कधीतरी. साक्षीदाराची भूमिका इथे नातीकडे येते.  फाळणीशी या मालिकेचे नाते पहिल्या दिवसापासूनचे. 1963 मधल्या तिच्या पहिल्याच कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन हे लखनौचे, आणि त्यांच्या आई अतिया हुसेन यांची ‘सनलाइट ऑन अ ब्रोकन कॉलम’ (1961) ही कादंबरी फाळणीने दुभंगलेल्या लखनवी घराण्याची आहे. तरीही फाळणीवरची पूर्ण कथा पडद्यावर यायला पंचावन्न वर्षे लागली. नव्याने सुरू झालेल्या मालिकेसाठी लिहिणारे पहिले श्वेतेतर लेखक मालोरी ब्लॅकमन आणि विनय पटेल याच पर्वात आले, हा योगायोग मानता येत नाही.

2019 च्या ह्यूगो पुरस्कारासाठी लघु नाट्यप्रकारात या भागाला ‘रोझा’सह नामांकन मिळाले, पुरस्कार ‘द गुड प्लेस’ या मालिकेच्या एका भागाला गेला. पटेलांनी पुढे मालिकेचे तेव्हाचे प्रमुख ख्रिस चिबनल यांच्यासह ‘फ्युजिटिव्ह ऑफ द जुडून’ (2020) हा भाग लिहिला.