पुसले म्हणजे नेमके काय झाले?

फळ्यावरचे आपण पुसतो तेव्हा खडूची भुकटी खाली पडते आणि अक्षरे संपतात. संगणकावरील फाइल पुसली की काय होते? हा प्रश्न आम्हांला पडला तो एका चुकीमुळे. आमच्या गटाच्या सामाईक ऑनलाइन संग्रहातून आमच्यापैकी एकाने, आपलीच प्रत आहे असे समजून, मोजमापांचा एक तक्ता काढून टाकला. प्रत सगळ्यांची मिळून एकच होती. चार महिन्यांनी तक्ता लागला, तेव्हा कचरापेटीतूनही तो गेलेला होता. ही कचरापेटी आली कुठून, हे आम्ही मग शोधू लागलो.

ग्रंथालयाचे उदाहरण घेऊ. एखाद्या पुस्तकाचे कार्ड काढून टाकले, पण पुस्तक फडताळातच राहिले, तर ते सापडणार नाही. पण नष्टही झालेले नसेल. डॉस प्रणालीत असेच होई. फाइलीच्या नावातील पहिल्या अक्षराच्या जागी २२९ ही संख्या लिहिली जाई आणि फाइलीची जागा ‘मोकळी’ म्हणून नोंदली जाई. मजकूर तसाच असे. याचा फायदा घेऊन पीटर नॉर्टन यांनी १९८२ मध्ये पुसलेली फाइल परत आणणारा प्रोग्रॅम बाजारात आणला. १९९१ च्या डॉस ५ मध्ये तशी सोय अंगचीच आली. फाइल परत मागितली की संगणक विचारी, ‘नावाचे पहिले अक्षर कोणते?’ त्याच्याजवळ तेवढेच उरलेले नसे! मात्र मोकळ्या जागेत दुसरे काही लिहिले गेले, की इलाज खुंटे.

म्हणजे फाइल परत मिळणे नशिबावर होते. कचरापेटीने त्याला नियम दिला. अ‍ॅपलच्या लिसा संगणकावर १९८३ मध्ये, मॅकिन्टॉशवर १९८४ मध्ये आणि विंडोज ९५ मध्ये पडद्यावर पेटीचे चित्र आले. टाकलेली फाइल आता जपून बाजूला ठेवली जाऊ लागली.

पण जिथे अनेकजण एकाच साठ्यावर काम करतात तिथे काय? १९९८ मध्ये पिक्सारमध्ये ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाच्या बहुतेक फाइली एका आज्ञेने पुसल्या गेल्या. युनिक्सच्या त्या आज्ञेला कचरापेटी नसते. राखीव प्रतीही सदोष निघाल्या. तांत्रिक दिग्दर्शिका गॅलिन सुसमन बाळंतपणानंतर घरून काम करत होत्या. त्यांच्या घरच्या संगणकावरील प्रतीने चित्रपट वाचवला.

आजच्या सामाईक संग्रहांत म्हणूनच मुदत आणि अधिकार ठरवलेले असतात. मायक्रोसॉफ्टच्या शेअरपॉइंटमध्ये पेट्या दोन आहेत. पहिलीतून टाकलेले दुसरीत जाते आणि ती व्यवस्थापकाच्या हाती असते. ऑनलाइन शेअरपॉइंटमध्ये दोन्ही मिळून मुदत ९३ दिवस. दुसऱ्या पेटीत गेल्यावर मोजणी नव्याने सुरू होत नाही. गूगल ड्राइव्हची पेटीही २०२० पासून ३० दिवसांनी आपोआप रिकामी होते. आमचे चार महिने कुठल्याच हिशेबात बसत नव्हते.

आता शाळांचे निकाल आणि हजेरीही अशा संग्रहांत असतात. तेव्हा तीन गोष्टी वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवाव्यात: पुसण्याचा अधिकार कोणाला, पेटीची मुदत किती, आणि वेगळी प्रत कुठे. शिवाय ती प्रत अधूनमधून उघडून पाहावी. आम्ही आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी पाहतो. तो तक्ता मात्र पुन्हा मोजमापे घेऊनच करावा लागला.