भूमी, भांडवल आणि विद्यापीठ : अमेरिकेतील व्यवसायशिक्षणात वित्त व स्थावर मालमत्ता या विषयांचा उदय (१८८१ ते २००८)

प्रस्तावना

विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात एखाद्या विषयाला स्थान मिळते ते केवळ ज्ञानाच्या स्वाभाविक वाढीमुळे नव्हे. त्यामागे देणगीदारांची इच्छा, व्यवसायाची गरज आणि शासनाची निकड अशा अनेक प्रेरणा असतात. वित्त आणि स्थावर मालमत्ता हे आज व्यवसाय-व्यवस्थापनाचे प्रतिष्ठित विषय मानले जातात. परंतु शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जमीनजुमल्याची दलाली ही विद्यापीठात शिकण्याची गोष्ट आहे, असे फारसे कोणी मानत नव्हते. हे स्थित्यंतर कसे घडले आणि त्याची सामाजिक किंमत कोणी मोजली, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

वित्तशिक्षणाची पायाभरणी

फिलाडेल्फियातील धातुउद्योजक जोसेफ व्हार्टन यांनी १८८१ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठास एक लाख डॉलर देऊन विद्यापीठीय स्तरावरील अमेरिकेतील पहिले व्यवसाय-विद्यालय स्थापन केले. या संस्थेच्या मूळ नावातच ‘वित्त’ हा शब्द होता. धनिक घराण्यांतील तरुणांनी संपत्तीचे व्यवस्थापन आणि सार्वजनिक कारभार यांचे शास्त्रशुद्ध शिक्षण घ्यावे, ही त्यामागील भूमिका होती. व्हार्टन स्वतः संरक्षक जकातीचे कट्टर पुरस्कर्ते असल्याने त्या धोरणाचे समर्थन अभ्यासक्रमात व्हावे, असा त्यांचा आग्रह होता. म्हणजेच विद्या आणि हितसंबंध यांच्यातील ताण या शिक्षणाच्या जन्मापासूनच दिसून येतो.

भूमी अर्थशास्त्र आणि व्यवसायाची प्रतिष्ठा

स्थावर मालमत्तेच्या अभ्यासाला शास्त्राचा दर्जा देण्याचे श्रेय प्रामुख्याने रिचर्ड टी. इली यांच्याकडे जाते. १८८५ मध्ये अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनची स्थापना करणाऱ्यांपैकी ते एक होते. विस्कॉन्सिन विद्यापीठात अध्यापन करीत असताना १९२० मध्ये त्यांनी भूमी अर्थशास्त्राच्या संशोधनासाठी स्वतंत्र संस्था उभारली. १९२५ मध्ये ही संस्था नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात स्थलांतरित झाली आणि त्याच वर्षी तिचे नियतकालिकही सुरू झाले. १९४८ पासून ते ‘लँड इकॉनॉमिक्स’ या नावाने प्रसिद्ध होऊ लागले.

याच काळात, १९०८ मध्ये स्थापन झालेली स्थावर मालमत्ता व्यावसायिकांची राष्ट्रीय संघटना आपल्या सदस्यांना डॉक्टर-वकिलांच्या बरोबरीची प्रतिष्ठा मिळवून देण्यासाठी प्रयत्नशील होती. त्यासाठी आचारसंहिता, परवाना आणि शिक्षण ही तीन साधने तिला आवश्यक वाटत होती. इलींची संस्था व ही संघटना यांच्या सहकार्यातून पाठ्यपुस्तकांची मालिका तयार झाली. अर्नेस्ट फिशर यांचा स्थावर मालमत्ता व्यवहारावरील ग्रंथ १९२३ मध्ये, तर फ्रेडरिक बॅबकॉक यांचा मूल्यांकनावरील ग्रंथ १९२४ मध्ये प्रकाशित झाला. हेन्री जॉर्ज यांच्या अनुयायांनी मात्र या सहकार्यावर टीका केली. जमिनीच्या वाढत्या किमतीचा लाभ ज्यांना होतो त्यांच्याच साहाय्याने भूमी अर्थशास्त्र कसे निःपक्ष राहील, हा त्यांचा प्रश्न होता. तो प्रश्न पुढील दशकात वेगळ्या स्वरूपात खरा ठरला.

मूल्यांकनशास्त्र आणि भेदभाव

१९२४ च्या आचारसंहितेत व्यावसायिक संघटनेने असा नियम केला, की ज्यांच्या आगमनाने वस्तीतील मालमत्तेची किंमत घटेल अशा वंशाच्या वा राष्ट्रीयत्वाच्या लोकांना तेथे प्रवेश मिळवून देण्यास सदस्याने साहाय्य करू नये. १९३३ मध्ये होमर हॉइट यांचा शिकागोतील शंभर वर्षांच्या भूमूल्यांचा विख्यात ग्रंथ प्रसिद्ध झाला. आकडेवारी व नकाशे यांच्या दृष्टीने हा ग्रंथ आजही मौलिक मानला जातो. तथापि त्यात भूमूल्यावरील इष्ट-अनिष्ट परिणामांनुसार वंश व राष्ट्रीयत्वांची क्रमवारी दिलेली आहे. तिच्यात इंग्रज, जर्मन आदी गट सर्वांत वर असून कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन सर्वांत खाली आहेत. या क्रमवारीचा आधार मोजमाप नव्हता. ते दलाली व्यवसायातील मत होते.

१९३४ च्या राष्ट्रीय गृहनिर्माण कायद्याने संघीय गृहनिर्माण प्रशासन अस्तित्वात आले, तेव्हा बॅबकॉक, फिशर आणि हॉइट हे तिघेही त्याच्या सेवेत दाखल झाले. या प्रशासनाने गृहकर्जाचे स्वरूप पालटले. तोवर घराच्या किमतीच्या निम्म्याच्या आसपास आणि चार-पाच वर्षांच्या मुदतीने कर्ज मिळे, व मुदतीअखेर मोठी मुद्दल एकरकमी फेडावी लागे. आता विम्याच्या हमीमुळे किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत, २० वर्षांच्या समान हप्त्यांनी फेडता येणारे कर्ज उपलब्ध झाले. लक्षावधी मध्यमवर्गीय कुटुंबांना त्यामुळे स्वतःचे घर लाभले. परंतु प्रशासनाच्या १९३८ च्या नियमपुस्तिकेत वस्तीच्या स्थैर्यासाठी तेथे एकाच सामाजिक व वांशिक वर्गाचे लोक राहणे आवश्यक मानले होते आणि त्यासाठी खरेदीखतातील निर्बंधांची शिफारस केली होती. अशा रीतीने दलालाचे मत पाठ्यपुस्तकात, पाठ्यपुस्तकातील विधान शासकीय नियमात आणि नियम प्रत्यक्ष वस्तीत उतरला.

यातील तार्किक दोष गंभीर आहे. कृष्णवर्णीयांच्या वस्तीत कर्ज मिळत नसल्याने तेथील घरांना ग्राहक मिळत नसे, किंमत घसरे आणि ती घसरणच मूळ सिद्धांताचा पुरावा म्हणून दाखवली जाई. सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये असे वांशिक निर्बंध न्यायालयांमार्फत अमलात आणता येणार नाहीत, असा निर्णय दिला. १९६० मध्ये लुइजी लॉरेंटी यांनी सान फ्रान्सिस्को, ओकलंड आणि फिलाडेल्फिया येथील प्रत्यक्ष व्यवहार तपासून, गौरेतरांच्या आगमनाने किमती सर्वसाधारणपणे घटतात हा समज निराधार असल्याचे दाखवून दिले. १९६८ च्या न्याय्य गृहनिर्माण कायद्याने असा भेदभाव बेकायदेशीर ठरवला. व्यावसायिकांच्या राष्ट्रीय संघटनेने जाहीर माफी मागितली ती २०२० मध्ये. दरम्यान दोन-तीन पिढ्यांना घराच्या रूपाने होणाऱ्या संपत्तिसंचयापासून वंचित राहावे लागले होते.

गणिती वित्तशास्त्र आणि ग्रासकँप यांचा पर्याय

१९५२ मध्ये हॅरी मार्कोविट्झ यांनी गुंतवणूक-संचाच्या निवडीचा सिद्धांत मांडला आणि वित्तशास्त्र वर्णनाकडून गणिताकडे वळले. १९५९ मध्ये फोर्ड व कार्नेगी प्रतिष्ठानांच्या साहाय्याने प्रसिद्ध झालेल्या दोन अहवालांनी व्यवसायशिक्षणातील संकुचित, धंदेवाईक अभ्यासक्रमांवर कठोर टीका केली. त्यामुळे स्थावर मालमत्तेसारख्या विशेष विषयांसमोर अस्तित्वाचा प्रश्न उभा राहिला.

या प्रतिकूल काळात विस्कॉन्सिन विद्यापीठातील जेम्स ग्रासकँप यांनी विषयाची नवी मांडणी केली. तरुणपणी पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीशी जखडलेल्या या अध्यापकाने १९८८ मध्ये मृत्यू येईपर्यंत आपला विभाग नावारूपास आणला. इमारत वापरणारे, ती उभारणारे आणि रस्ते-पाणी पुरवणारी सार्वजनिक यंत्रणा या तिन्ही घटकांचा ताळमेळ बसला तरच प्रकल्प व्यवहार्य ठरतो, असे ते शिकवीत. त्यांच्या मते केवळ नफा हा व्यवहार्यतेचा निकष नव्हता.

मात्र काळाचा ओघ निराळ्या दिशेने होता. १९६० च्या कायद्याने स्थावर मालमत्ता गुंतवणूक न्यासांना मान्यता मिळाली होती आणि १९७० पासून शासकीय हमीचे तारणाधारित रोखे बाजारात आले होते. १९८३ मध्ये एम.आय.टी. आणि व्हार्टन या दोन्ही ठिकाणी स्थावर मालमत्ता केंद्रे स्थापन झाली. जमीन आता भांडवली बाजाराशी जोडली गेली. घरांच्या किमती देशभर एकाच वेळी कोसळणार नाहीत, या गृहीतकावर रचलेले रोखे २००७-०८ मध्ये कोसळले. १९३० च्या दशकाप्रमाणेच येथेही न तपासलेले गृहीतक शास्त्राच्या वेषात वावरत होते.

भारतीय संदर्भ

इली यांच्यासमवेत अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनच्या स्थापनेत सहभागी असलेले एडविन सेलिग्मन हे कोलंबिया विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे गुरू होते. अर्थशास्त्राचे उच्च शिक्षण घेऊन आलेल्या आंबेडकरांना १९१७ मध्ये बडोदा संस्थानच्या सेवेत असताना जातीमुळे राहावयास घर मिळाले नाही. पुढे १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालयात प्राध्यापक झाले. घराची किंमत पैशात ठरते, हे बाजाराचे तत्त्व सामाजिक उतरंडीपुढे किती दुबळे ठरते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण आहे.

समारोप

भारतात २०१४ मध्ये गुंतवणूक न्यासांचे नियम झाले, २०१६ मध्ये स्थावर मालमत्ता नियमन कायदा संमत झाला आणि २०१९ मध्ये पहिला न्यास शेअर बाजारात सूचिबद्ध झाला. वाणिज्य व व्यवस्थापन शाखांत या विषयाचे अभ्यासक्रमही आकारास येत आहेत. अशा वेळी अमेरिकेच्या इतिहासातून मिळणारा बोध स्पष्ट आहे. ‘चांगली वस्ती’ आणि ‘जोखमीची वस्ती’ या संज्ञा कोणी, कोणत्या पुराव्यावर ठरवल्या, हा प्रश्न मूल्यांकनाच्या सूत्राइतकाच अभ्यासक्रमाचा भाग असला पाहिजे. जात, धर्म वा आहार विचारून घर नाकारले जाते अशा समाजात तर तो अधिकच निकडीचा आहे. वर्गात निःशंकपणे शिकवलेले विधान उद्या बँकेचा नियम होऊ शकते. म्हणून ते तपासून घेण्याची पहिली जबाबदारी अध्यापकावर येते.